पेटीच्या क्लासचे चारशे रुपये

ऑगस्ट २०११ मध्ये आमच्या घराचा पहिला हप्ता कापला गेला, १९,९६८ रुपयांचा. मी मस्जिद बंदरच्या एका पेढीत हिशेब लिहिते. कागदावर आकडे दिसले की शेवटच्या बेरजेपर्यंत पोहोचल्याशिवाय मला राहवत नाही. त्या रात्री भांडी आवरून झाल्यावर मी बँकेने दिलेलं परतफेडीचं कोष्टक ओट्यावर ठेवलं आणि ओळीने वाचायला घेतलं. पहिल्या ओळीत होतं : व्याज १७,५००, मुद्दल २,४६८. वीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के दर, वीस वर्षांची मुदत. चौथ्या पानावर बेरीज होती. वीस वर्षांत नुसतं व्याजच २७ लाख ९२ हजार.

नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, सगळ्यांचंच असं असतं."

सगळ्यांचंच असतं हे खरं होतं. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते कर्ज आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये फेडलं. वीस वर्षांचं अकरा वर्षांत. या अकरा वर्षांत दोन गोष्टी आम्हाला बरोबर जमल्या आणि दोन चुकल्या. आज माझ्याबरोबर लोकलने जाणाऱ्या तरुण मुली घर घेताहेत, कागद घेऊन माझ्याकडे येताहेत. त्यांना मी फक्त जमलेल्या दोन गोष्टी सांगितल्या तर ते खोटं होईल. म्हणून चारही लिहून काढते आहे.

कर्जाची भीती मला माहेराहून आली. माझे वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यातलं काही आठवत नाही, पण आईकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की डोळ्यांसमोर दिसतं. वाण्याची उधारीची वही, मग गहाण पडलेलं मंगळसूत्र, मग ते सोडवायला घेतलेले आणखी पैसे. वडिलांनी पुढे मिळेल ते काम करून सगळं चुकतं केलं. त्यानंतर आमच्या घरात "उद्या देतो" हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसं राहिलो, पण कुणाचं देणं नव्हतं आणि वडील शांत झोपायचे.

लग्न होऊन २००६ मध्ये मी कल्याणला आले. सासर पारनाक्याजवळ, जुन्या वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या. वाडा पुढेमागे पाडणार हे सगळ्यांना कळत होतं. २००९ मध्ये लेक झाली आणि शोधाशोध सुरू झाली. खडकपाड्याच्या पुढे, गांधारीच्या बाजूला तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या. आम्ही घेतलं ते वन बीएचके साडेसव्वीस लाखांना मिळालं. वाऱ्याची दिशा बदलली की आधारवाडीच्या डम्पिंगचा वास यायचा, म्हणून त्या इमारतीचा दर थोडा कमी होता. सासऱ्यांच्या निवृत्तीचे पैसे, नवऱ्याच्या पीएफमधून काढलेले, माझे चार दागिने, असं करून साडेसहा लाख जमवले. वरचे वीस लाख बँकेचे.

दोघांचे पगार मिळून तेव्हा बेचाळीस हजार होते. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत, तीन पाळ्यांत. मी सकाळी कल्याण फास्टने भायखळ्यापर्यंत जायची आणि तिथे उतरून मस्जिदसाठी स्लो पकडायची. फास्ट गाडी मस्जिदला थांबत नाही. जाऊन येऊन दिवसाचे साडेतीन तास. लेक सासूबाईंकडे.

पहिली गोष्ट जमली ती लोकलच्या डब्यामुळे. आमच्या ग्रुपमध्ये एक ताई होत्या, बँकेत कर्ज विभागात पंचवीस वर्षं काम केलेल्या. जून २०१२ च्या सुरुवातीला एका सकाळी त्या डब्यात चढल्या त्या बोलतच. रिझर्व्ह बँकेने ५ जूनला आदेश काढला होता. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतीआधी फेड केली तर बँकांना आता दंड घेता येणार नव्हता. त्याआधी अनेक बँका फेडलेल्या रकमेवर ठरावीक टक्के कापून घ्यायच्या. ताई मला म्हणाल्या, "तुझं कर्ज अजून कोवळं आहे. आत्ताच मोड."

तो शब्द माझ्या डोक्यात बसला. कोवळं कर्ज. वर्ष भरलं तोवर आम्ही २ लाख ३९ हजार ६१६ रुपये भरले होते आणि मुद्दल उतरलं होतं जेमतेम एकतीस हजार. बाकी सगळं व्याजात गेलं होतं. ताईंनी गाडी ठाण्याला पोहोचेपर्यंत माझ्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दिलं, आणि संध्याकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी ते पडताळून पाहिलं. पहिल्या वर्षाअखेर पन्नास हजार जास्तीचे भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर शेवटचे सतरा हप्ते गळतात. सतरा हप्ते म्हणजे ३ लाख ३९ हजार. तेच पन्नास हजार दहाव्या वर्षी भरले तर सातच हप्ते गळतात. पंधराव्या वर्षी चार.

यात जादू काही नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं. मुद्दलातला रुपया जितका लवकर उतरवावा तितकी जास्त वर्षं त्याच्यावरचं व्याज वाचतं. घर घेतल्यावर पहिली चार-पाच वर्षं माणसं पडदे, फर्निचर, वास्तुशांतीचे राहिलेले आहेर यांत गुंततात आणि "पगार वाढले की फेडू" म्हणतात. पगार वाढतात तोवर व्याजाचा मोठा भाग देऊन झालेला असतो.

नवऱ्याच्या दिवाळी बोनसमधले सव्वीस हजार आम्ही मुदत ठेवीत टाकले होते. जूनमध्ये आमच्या डब्यातली भिशी मला लागली, बारा जणींची दोन-दोन हजारांची, चोवीस हजार. जुलैमध्ये मी अर्धी रजा टाकून बँकेत गेले आणि पन्नास हजार भरले. काउंटरवरच्या मुलाने आपणहून हप्ता कमी करून नवं कोष्टक छापायला घेतलं. ताईंनी आधीच बजावलं होतं, "हप्ता कमी करून घेऊ नकोस, मुदत कमी करून घे, आणि ते अर्जावर लिहून दे." मी लिहून दिलं. हप्ता १९,९६८ च राहिला, आणि पुढे दर कमी झाले तेव्हाही आम्ही तो कमी करून घेतला नाही.

पुढच्या वर्षी चाळीस हजार, त्याच्या पुढच्या वर्षी साठ, मग तीन वर्षं पन्नास-पन्नास. ही रक्कम कुठून आली असं मला विचारतात. पगारवाढ झाली की आम्ही अर्धी वाढ खर्चाला घ्यायचो, अर्धी वेगळ्या खात्यात जायची. त्या खात्याचं कार्ड आम्ही घेतलंच नाही. सोफा सहा वर्षं आला नाही. पाहुणे गादीवर बसले आणि कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

करसवलतीबद्दलही लोक हटकायचे. २०१४ च्या अर्थसंकल्पात घराच्या व्याजावरची वजावट दीड लाखावरून दोन लाख झाली, तेव्हा ऑफिसातले एक काका म्हणाले, "फेडतेस कशाला? टॅक्स वाचतोय ना?" मी दहा टक्क्यांच्या टप्प्यात होते. बँकेला शंभर रुपये व्याज द्यायचं आणि सरकारकडून दहा रुपये वाचवायचे, यात नव्वद रुपये माझेच जातात. दुसऱ्या एका मुलाचं म्हणणं वेगळं होतं. हेच पैसे दरमहा म्युच्युअल फंडात घातले तर जास्त मिळतील. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. ज्याला बाजार पडल्यावरही झोप लागते त्याने तसं करावं. मी गिरणी कामगाराची मुलगी आहे, मला देणं नसलं की झोप लागते.

दुसरी जमलेली गोष्ट व्याजदराची. एप्रिल २०१६ पासून बँकांनी नव्या कर्जांना एमसीएलआर नावाची नवी पद्धत लावली. जुनी कर्जं जुन्या बेस रेटवरच चालू राहिली. २०१७ च्या जानेवारीत नव्या ग्राहकांचे दर एकदम उतरले आणि माझ्या लक्षात आलं की आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं जोडपं आमच्यापेक्षा जवळपास एक टक्का कमी व्याज देतंय. बँक आपणहून कळवत नाही, अर्ज करावा लागतो. मी अर्ज केला, थोडी फी भरली आणि कर्ज नव्या पद्धतीत आणलं. ऑक्टोबर २०१९ पासून नवी कर्जं थेट रेपो दरासारख्या बाहेरच्या दराला जोडली जाऊ लागली, तेव्हा पुन्हा तेच केलं. एका दुपारचं काम, पण त्याने जे वाचलं ते सहा वर्षांच्या सोफ्याहून जास्त होतं.

आता चुकांकडे येते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पेढीतलं काम वाढलंच, पण कल्याणच्या बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदारांची खरी पंचाईत झाली. हार्डवेअरवाले, साडीवाले, मेडिकलवाले. आजवर वर्षातून चार वेळा कुणाला तरी बिलांची पिशवी नेऊन देणारी ही माणसं. आता विक्रीची बिलं भरायची आणि दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत थ्री-बी हे विवरणपत्र. आमच्या इमारतीखालच्या दुकानदाराने विचारलं, "वहिनी, आमचं जरा बघाल का?" मी बघितलं. त्याने शिवाजी चौकातल्या त्याच्या मेहुण्याला सांगितलं. वर्षभरात नऊ दुकानं झाली. प्रत्येकी महिना हजार रुपये.

नऊ हजार रुपये महिना म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार. मी हिशेब मांडला तेव्हा हात थरथरला. दोन वर्षं सलग आम्ही लाख-लाख रुपये मुद्दलात भरले. कोष्टकाची पानं चाराची दोन झाली.

पण ते नऊ हजार रात्रीचे होते. साडेसातला घरी आले की तासाभरात जेवणं, आणि मग टॅली उघडून बारा-साडेबारापर्यंत बिलं. दहा तारखेपासून वीस तारखेपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. दुकानदार शेवटच्या दिवशी बिलं आणून टाकायचे, त्यामुळे वीस तारखेची रात्र ठरलेली. शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरच्या त्याच आठवड्यात यायचं. पहिल्या वर्षी मी गेले नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी विचारलंच नाही, त्या परस्पर लेकीला घेऊन गेल्या. मी म्हणायची, "थोडीच वर्षं आहेत." नवरा रात्रपाळीला असला की घरात दोन माणसं जागी : मी आणि आतल्या खोलीत, झोपल्याचं सोंग केलेली माझी मुलगी.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. रामबागेत एका बाईंकडे पेटी शिकायला जायची. महिना चारशे रुपये. बाई म्हणायच्या, हिचा हात हलका आहे, कान चांगला आहे. जून २०१८ मध्ये शाळा सुरू झाली आणि ती एक दिवस म्हणाली, "मला पेटीचा क्लास नको. कंटाळा येतो." मी दोनदा विचारलं, ती ठाम होती. मुलं अशी मध्येच सोडतात, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पेटीवर एक जुनी चादर घातली. खरं सांगायचं तर त्या महिन्यात चारशे रुपये वाचले, हे माझ्या लक्षात आलं होतं. ते मी वहीत लिहिलंही.

ती चूक मला तीन वर्षांनी कळली. मधे दुसरी झाली.

फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्याकडे दीड लाख रुपये साठले होते. अडीअडचणीचे म्हणून वेगळे ठेवलेले पैसेही त्यातच होते. कर्ज बरंच खाली आलं होतं. मला घाई झाली होती. नवरा म्हणाला, "थोडे ठेव हाताशी." मी म्हटलं, "हाताशी ठेवून साडेतीन टक्के मिळतात, बँकेला आपण आठ देतोय." हिशेब चोख होता. सगळे दीड लाख भरले.

मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. लोकल बंद, पेढी बंद. मालकांनी अर्धा पगार चालू ठेवला, ही त्यांची माणुसकी. नवऱ्याची कंपनी काही आठवडे बंद, मग निम्मी माणसं आळीपाळीने. दुकानदारांची दुकानंच बंद, तर विवरणपत्रं कसली भरणार? नऊ हजार शून्यावर आले. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. व्याज चालूच राहतं हे मला माहीत होतं, म्हणून मे महिन्यापर्यंत ओढत भरले. जूनपासून तीन हप्ते पुढे ढकलावे लागले.

जुलैमध्ये कल्याण-डोंबिवलीत रुग्ण झपाट्याने वाढले, पुन्हा कडक टाळेबंदी आली. त्याच आठवड्यात सासूबाईंना धाप लागली. रात्री दोन वाजता एका खासगी रुग्णालयात जागा मिळाली. आधी पैसे भरा म्हणाले. आमच्या दोघांच्या खात्यांत मिळून एकोणीस हजार होते. पाच महिन्यांपूर्वी याच खात्यात दीड लाख होते, आणि ते मी बँकेला नेऊन दिले होते. बँक ते परत देत नसते.

रात्रीपुरते दिराने पाठवले. दुसऱ्या दिवशी माझ्या पाटल्या गहाण ठेवून नव्वद हजार उचलले. आठ टक्क्यांचं कर्ज लवकर फिटावं म्हणून मी हात रिकामे केले आणि त्याहून महाग व्याजाने सोन्यावर पैसे घेतले. काउंटरच्या काचेपलीकडे पाटल्या तराजूत पडल्या तेव्हा मला आईचं मंगळसूत्र आठवलं. जे टाळायला मी नऊ वर्षं धावत होते, तिथेच येऊन उभी राहिले होते.

सासूबाई अकरा दिवसांनी घरी आल्या. दारातच म्हणाल्या, "पाटल्या कुठायत तुझ्या?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "घर फेडायचं ते घरातल्या माणसांसाठीच ना? मग माणसांपुरतं आधी बाजूला काढून ठेवत जा."

पाटल्या सोडवायला सात महिने लागले. त्यानंतर आम्ही ठरवलं, सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एवढी रक्कम वेगळी साठेपर्यंत मुद्दलात एक रुपयाही जास्तीचा भरायचा नाही. पुढची दोन वर्षं भरला नाही.

१ जानेवारी २०२१ पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्यांना विवरणपत्र तीन महिन्यांतून एकदा भरायची सोय झाली. कर दरमहा भरायचाच, पण रात्रीचं काम खूप उतरलं. नऊपैकी चारच दुकानं ठेवली. एका संध्याकाळी, बऱ्याच वर्षांनी, माझ्यासमोर लॅपटॉप नव्हता. लेक बारा वर्षांची झाली होती, मोबाईलवर कुणाचं तरी पेटीवादन ऐकत होती, आणि तिची बोटं मांडीवर चालत होती. बरोबर पट्टीत चालत होती.

मी म्हटलं, "तू तर कंटाळून सोडलंस ना?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू बाबांना सांगत होतीस ना, चारशे-चारशे करूनच लाख होतात. मग मी म्हटलं, माझे चारशे मीच देते."

ते वाक्य माझंच होतं. नवऱ्याने डिश टीव्हीचं मोठं पॅकेज घेतलं होतं, त्यावरून मी ते रात्री बोलले होते. तिने ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि घरातला स्वतःचा खर्च शोधला. नऊ वर्षांच्या मुलीच्या नावावर एवढा एकच खर्च होता. तो तिने कुणालाही न सांगता बंद केला, आणि वर आम्हाला वाईट वाटू नये म्हणून कंटाळ्याचं कारण दिलं.

मी आयुष्यभर लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या. नोंद चुकली तर ती दुरुस्त करायची पद्धत मला पाठ आहे. ही नोंद दुरुस्त होण्यासारखी नव्हती. वर्षाचे चार हजार आठशे रुपये. सत्तावीस लाख ब्याण्णव हजारांच्या कोष्टकात ते कुठे दिसलेही नसते. रामबागेतल्या बाईंकडे चौकशी केली, तर त्या २०१९ मध्येच मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या.

त्या रात्री आम्ही तिघं आणि सासूबाई जेवणाच्या ताटांवर बसून बोललो. कर्ज किती उरलंय, पगार किती, बाजूला किती साठलंय, सगळे आकडे लेकीला सांगितले. तोवर तिने फक्त हप्ता, टंचाई, काटकसर एवढेच शब्द ऐकले होते. आपल्याकडे पुरेसं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांपासून पैशांच्या गोष्टी लपवत नाही म्हणून आपण स्वतःला शहाणे समजतो, पण अर्धी गोष्ट ऐकलेलं मूल उरलेली अर्धी स्वतःच्या मनाने भरतं. ती पूर्ण सांगायला हवी.

पुढच्या महिन्यात तिला नवा क्लास लावला. नव्या सरांनी बोटं बघितली आणि म्हणाले, तीन वर्षं गेली ती थोडी जाणवतील. जाणवली. तिने तक्रार केली नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये उरलेले १ लाख ३८ हजार भरून आम्ही कर्ज बंद केलं. अकरा वर्षांत एकूण व्याज गेलं साधारण पावणेचौदा लाख. कोष्टकातल्या २७ लाख ९२ हजारांच्या निम्म्याहून थोडं कमी. यातलं सगळं श्रेय आमच्या काटकसरीचं नाही, मधली वर्षं दर उतरत गेले त्याचंही आहे. नशीब म्हणायचं ते इतकंच की आमचं देणं फिटत आलं तेव्हा दर पुन्हा चढू लागले होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. डब्यातल्या कित्येक जणींचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत पाच-पाच, सात-सात वर्षं लांबली, आणि स्टेटमेंट उघडून बघेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. तेव्हा विचारलं गेलं नाही तर तुम्ही विचारा.

कागद परत मिळायला आम्हाला चार महिने लागले. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट, सगळं कुठल्याशा दूरच्या गोदामात. पाच वेळा अर्धी रजा पडली. आता नियम बदलला आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद आले की आणखी दोन कामं विसरू नका. सोसायटीच्या दप्तरातला बँकेचा बोजा उतरवून घ्या, आणि सेरसाईच्या केंद्रीय नोंदणीतून कर्जाची नोंद बंद झाली का ते बँकेकडून लेखी घ्या. घर विकायची वेळ येते तेव्हा हेच दोन कागद आधी मागतात.

लोकलमध्ये मुली विचारतात, "ताई, लवकर फेडू का?" मी सांगते, फेड. कर्ज कोवळं असताना फेड, थोडं थोडं फेड, मुदत कमी करून घे, वर्षातून एकदा दर तपासत जा. पण त्याआधी सहा हप्ते आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, त्याला हात लावू नकोस. रात्रीचं जास्तीचं काम घेणार असशील तर ते किती वर्षं, हे कामाआधी ठरव. आणि घरातल्या प्रत्येक माणसाची एक गोष्ट, मुलाचा क्लास असो, सासूबाईंची यात्रा असो, नवऱ्याचं गिर्यारोहण असो, यादीत हप्त्याच्या वर लिही. उरेल त्यातून कर्ज फेडायचं. त्याने कर्ज फिटायला वर्ष-दीड वर्ष जास्त लागेल. लागू दे.

माझी लेक आता सोळा वर्षांची आहे. गणपतीत इमारतीतल्या आरतीला पेटीवर तीच असते. तिच्या क्लासची फी आता बाराशे आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, सगळ्यांच्या आधी, तीच जाते.